शिरूरचं (घोडनदी) जुनं लष्करी कब्रस्तान आणि 'सतपुरुष' : माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरूरच्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानावर लिहायला घेतलंय. दोन ठिकाणी अडलंय, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

वसईच्या तहानंतर (३१ डिसेंबर १८०२) पेशव्यांकडे इंग्रजांची तैनाती फौज आली आणि शिरूर तिचं मोठं ठाणं झालं. ७४ व्या पलटणीचा कर्नल विल्यम वॉलेस इथलाच. १८०३ मध्ये तो असईला लढला, नंतर गाविलगडाच्या वेढ्यातही होता. १८०९ मध्ये शिरूरला वारला आणि इथंच त्याचं थडगं आहे. पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरनुसार शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक त्याला 'सतपुरुष' म्हणत, थडग्याची पूजा करत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत. शिंदे-भोसल्यांशी लढलेल्या फौजेचा हा अधिकारी, आणि त्याला नैवेद्य! याचं उत्तर दप्तरात कमी आणि घरोघरच्या आठवणींत जास्त सापडेल, असं माझं मत आहे.

आता अडचण. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या दफननोंदी वेगवेगळ्या आहेत. शिरूर मुंबईच्या बाजूचं, पण असईला लढलेलं सैन्य मुख्यतः मद्रासचं. मग १८०९ च्या आसपासची शिरूरची दफनं कोणत्या वह्यांत शोधावीत? कुणी पाहिली आहेत का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. गोऱ्या अधिकाऱ्यांची निदान थडगी तरी आहेत. त्यांच्याच बरोबरीने लढलेल्या देशी शिपायांचं काय? ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे कूच केलेली तुकडी शिरूरहूनच निघाली होती. तिथं पडलेल्यांची नावं जयस्तंभावर कोरलेली आहेत, पण जे वाचले आणि पेन्शन घेऊन याच भागात राहिले, त्यांचा माग कसा काढायचा? पेन्शनच्या याद्या मुंबईच्या पुराभिलेखागारात मिळतील की पुण्याच्या?

जवळपास राहणाऱ्यांना एक विनंती. थडग्यांवरचे लेख पुसट झाले असतील तर खडू, चुना किंवा ॲसिड अजिबात लावू नका, दगड कायमचा खराब होतो. अंधार पडल्यावर बाजूने तिरका टॉर्च मारून फोटो काढला की अक्षरं बऱ्यापैकी उठून दिसतात. असे फोटो कुणाकडे असतील तर इथं टाका.

आणि शिरूर, न्हावरे, रांजणगाव भागातल्या कुणाच्या आजी-आजोबांकडून सतपुरुषाच्या नैवेद्याबद्दल काही ऐकलं असेल, तर अर्धवट आठवत असलं तरी लिहा.