५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ४७५ दिसतात, १०० च्या नेटला ११ चा स्पीड येतो: फसवणूक आहे का?

कळंबेकर_ताई

लॅपटॉप नवा आहे. विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. पण सी ड्राइव्ह ४७५ जीबीचाच दिसतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे, तरी फाइल उतरवताना आकडा ११ च्या वर जात नाही. मध्येच 'मेमरी कमी आहे' असा मेसेज येतो, त्यासाठी बरेच फोटो पुसले, तरी तो येतोच. आणि कधीकधी वायफाय फुल दाखवतं, पण एकही साइट उघडत नाही. दुकानदाराला किंवा नेटवाल्याला जाब विचारण्याआधी इथे विचारते. या शब्दांचे अर्थ कुणी नीट सांगेल का?

उद्यमनगर_हार्डवेअर

ताई, ड्राइव्ह ५१२ चाच आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ म्हणजे १०७ कोटींहून थोडे जास्त बाइट धरतं. त्या हिशेबाने ५१२ चे सुमारे ४७६ होतात, आणि त्यातलाही थोडा भाग रिकव्हरीसाठी वेगळा काढलेला असतो. खात्री करायची तर विंडोज + एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, सगळे भाग एका ओळीत दिसतील.

मेमरीचा मेसेज रॅमबद्दल आहे, एसएसडीबद्दल नाही. एसएसडीवर फाइली कायमच्या राहतात. रॅममध्ये फक्त आत्ता चालू असलेलं काम असतं आणि लॅपटॉप बंद केला की ती रिकामी होते. म्हणून फोटो पुसून रॅम मोकळी होत नाही. मेसेज आला की कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी'च्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. बहुतेक वेळा तो ब्राउझरच असतो, पंचवीस-तीस टॅब उघडे ठेवलेला.

रॅम वाढवायची असेल तर आधी त्याच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडीआयएमएम' असेल तर पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डवरच बसवलेली आहे, ती बदलत नाही. वेगळा रिकामा स्लॉट असेल तरच वाढ होते. हे न बघता पट्टी विकत घेऊ नका.

राजारामपुरी_नेटवर्क

स्पीडचंही गणितच आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. पत्ते आणि तपासणीची माहितीही त्याच वायरीतून जाते, त्यामुळे ११ ते १२ म्हणजे तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय. पुढे २०० चा प्लॅन घेतला आणि लॅन केबलवर १०० च मिळाले, तर केबल तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, एक जरी तुटली तरी लिंक १०० वर येऊ शकते.

आता वायफाय. 'फुल' हे फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्याच अंतराचं माप आहे. राउटरच्या पलीकडे नेट आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. नेट गेलं की स्टार्टमध्ये सीएमडी उघडा आणि (कमांड, आकडे इंग्रजीत टाइप करून) हे बघा:

पहिलं, 'आयपीकॉन्फिग'. आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. वायफाय बंद-चालू करा, नाहीतर राउटर रीस्टार्ट करा.

पत्ता बरोबर असेल तर 'पिंग ८.८.८.८'. उत्तर आलं, पण साइट उघडत नाही, तर गडबड डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेत असू शकते. वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस 'मॅन्युअल' करून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघा. पिंगलाच उत्तर नाही, तर बिघाड बहुधा बाहेरच्या लाइनवर आहे.

कोल्हापुरात मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. तिथे २.४ वापरा: वेग कमी, पण पल्ला लांब.

कळंबेकर_ताई

गणित कळलं, दोघांचे आभार. नेट जातं तेव्हा राउटरवर 'एलओएस'चा लाल दिवा लागतो. तो कशाचा?

राजारामपुरी_नेटवर्क

मग डीएनएसच्या मागे लागू नका. तो दिवा लाल म्हणजे फायबरमधून प्रकाश राउटरपर्यंत येतच नाही. फायबर कुठे कपाटामागे दाबली किंवा करकचून वाकवली आहे का बघा. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. वळण हाताच्या तळव्याएवढं मोठं ठेवा. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका, 'एलओएस लाल आहे' असंच सांगा, म्हणजे माणूस फायबर जोडायचं मशीन घेऊनच येईल.