हेवीवेटची सार्वकालिक क्रमवारी: अली की लुई, आणि मार्सियानो-टायसनला नेमकं कुठे ठेवायचं?

डावखुरा (मूळ प्रश्न)

हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची पहिल्या दहाची यादी करतोय. कच्चा क्रम असा: अली, जो लुई, मार्सियानो, टायसन, होम्स, फोरमन, फ्रेझर, लेनॉक्स लुईस, होलिफिल्ड, जॅक जॉन्सन. तीन ठिकाणी अडलोय.

मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकला, मग तो पहिला का नको? टायसनचा १९८६ ते ८८ हा काळ पाहिला की त्याच्यापुढे कोणी टिकेल असं वाटत नाही, पण पुढची कारकीर्द धरली तर चौथा क्रमांकही जास्त वाटतो. आणि आजच्या काळातल्या ओलेक्सांद्र उसिकला आत घ्यायचं तर बाहेर कोण जाणार? नुसती नावं नकोत, निकष सांगा.

पंधरा_फेऱ्या

तुमच्या यादीत दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत: कोणाची कारकीर्द मोठी, आणि दोघं ऐन उमेदीत समोरासमोर आले तर कोण जिंकेल. मार्सियानो पहिल्या प्रश्नाच्या जोरावर वर आलाय, टायसन दुसऱ्याच्या. आधी या दोन याद्या वेगळ्या करा. मी कारकिर्दीच्या यादीबद्दलच लिहितो.

प्रत्येकाचे सर्वांत मोठे सहा विजय कागदावर मांडा. प्रत्येक विजयापुढे चार रकाने करा: प्रतिस्पर्ध्याचं त्या दिवशीचं वय, वजन, त्याची आधीची लढत कधी झाली होती, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याने काय केलं. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच यादी फसते.

दोन उदाहरणं घ्या. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं, तेव्हा फोरमन २५ वर्षांचा होता, ४० पैकी ४० जिंकलेला. फ्रेझर आणि नॉर्टन, दोघांनाही त्याने दुसऱ्या फेरीतच संपवलं होतं. अलीकडून हरल्यावरही १९७६ मध्ये त्याने लाइल आणि पुन्हा फ्रेझरला हरवलं. म्हणजे अलीने हरवलेला माणूस संपलेला नव्हता, हा विजय पूर्ण वजनाचा. आता २ ऑक्टोबर १९८०: होम्सने अलीला हरवलं. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर. नाव तेवढंच मोठं, पण होम्सच्या खात्यात या विजयाला मी शून्य धरतो.

हीच फूटपट्टी मार्सियानोला लावा. लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ चा. वॉलकॉटकडून विजेतेपद घेतलं तेव्हा वॉलकॉट ३८ चा, आणि तेराव्या फेरीतल्या त्या उजव्या ठोशापर्यंत तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर वॉलकॉटच पुढे होता. एझर्ड चार्ल्स वयाने ३२-३३ चा, पण नव्वदहून जास्त लढती झालेला. मूर चाळिशीकडे झुकलेला. विजेतेपदाचे बचाव सहाच. समोर आलेल्या प्रत्येकाला त्याने हरवलं, त्यात दोष त्याचा नाही. पण ४९-० या आकड्याला स्वतःचं वजन नसतं, वजन त्या ४९ जणांचं. सातवा-आठवा क्रमांक ठीक.

पराभवांचंही असंच. संख्या मोजू नका. कधी, कोणाकडून आणि नंतर परतफेड केली का, ते पाहा. अलीचे एकूण पाच पराभव, पैकी तीन १९७८ ते ८१ मधले. उरलेले दोन फ्रेझर आणि नॉर्टनकडून, आणि दोघांनाही त्याने नंतर दोन-दोनदा हरवलं. (१९७६ ची नॉर्टनबरोबरची तिसरी लढत पंचांनी अलीला दिली, ती नॉर्टनने जिंकली होती असं मला आजही वाटतं. माझ्या कागदावर ती अर्धीच धरलीय.) लेनॉक्स लुईस दोनदा हरला, मॅकॉल आणि रहमान. दोन्ही वेळा एकाच उजव्या ठोशाने, दोन्ही वेळा समोरच्याला कमी लेखून. दोघांचीही परतफेड केली. मॅकॉलच्या कोपऱ्यात बसलेल्या इमॅन्युएल स्टुअर्डला त्याने पुढे स्वतःचा प्रशिक्षक केलं, आणि त्यानंतर त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) लढत चालवायला लागला. व्यावसायिक रिंगमध्ये ज्याच्याशी लढला त्या प्रत्येकाला कधी ना कधी हरवलेला हा माणूस तुमच्या यादीत आठवा कसा? चौथा-पाचवा हवा.

जॅब_आणि_क्रॉस

पद्धत मान्य, पण तीच प्रामाणिकपणे लावली तर पहिला जो लुई येतो.

जून १९३७ ते मार्च १९४९ विजेतेपद, २५ बचाव. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्यातले बरेच प्रतिस्पर्धी दुबळे होते हे खरं, पण मधली चार वर्षं सैन्यात गेली हेही धरा. आणि परतफेडीबद्दल बोलायचं तर श्मेलिंगचं प्रकरण नीट पाहा. लुई डावा जॅब मारून हात परत आणताना तो हनुवटीच्या खाली आणायचा. श्मेलिंगने चित्रफिती पाहून हे हेरलं होतं. १९ जून १९३६ ला त्याने प्रत्येक जॅबनंतर त्या फटीतून उजवा ठोसा घातला. चौथ्या फेरीत लुई पडला, बाराव्या फेरीत संपला. २२ जून १९३८ ला लुईने फट उघडी पडायला वेळच दिला नाही. जॅबच्या मागोमाग दुसरा ठोसा, श्मेलिंग दोरांना टेकलेला, १२४ सेकंदांत लढत खलास. चूक दुरुस्त करून त्याच माणसाला असं हरवणं यापेक्षा मोठा पुरावा मला दिसत नाही.

अलीची बचावाची पद्धत पायांवर आणि नजरेवर उभी होती. हात खाली, ठोसा आला की मागे झुकायचं. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे आलेल्या साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर पाय मंदावले आणि मागे झुकलेल्या जबड्यावर फ्रेझरचा डावा हूक (बाजूने वळून येणारा ठोसा) बसायला लागला. ८ मार्च १९७१ ची पंधरावी फेरी पाहा. लुईचं मूलभूत तंत्र वयाबरोबर इतकं ढासळलं नाही.

पंधरा_फेऱ्या

लुईला पहिला ठेवणाऱ्याशी माझं भांडण नाही, अंतर एका पायरीचंच आहे. पण सहा विजयांचा कागद शेजारी ठेवा: श्मेलिंग, कॉन, वॉलकॉट, बेअर एका बाजूला, लिस्टन, फ्रेझर दोनदा, फोरमन, नॉर्टन दुसऱ्या बाजूला. आणि त्या बाजूचे लिस्टन सोडून सगळे विजय बंदीनंतरचे, पाय मंदावल्यावरचे. माझ्यासाठी निकाल तिथेच लागतो.

उत्तर_कोपरा

टायसनबद्दल. २२ नोव्हेंबर १९८६ ला बर्बिकला हरवून विशीत विजेता झाला, जून १९८८ मध्ये मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. त्या काळात त्याचे ठोसे जोडीने-तिकडीने यायचे आणि ठोशानंतर डोकं जागेवर राहायचं नाही. १९८८ च्या शेवटी प्रशिक्षक केव्हिन रूनी कोपऱ्यातून गेल्यावर नेमकं हेच बंद पडलं. ११ फेब्रुवारी १९९० ची टोकियोतली डग्लसबरोबरची लढत आवाज बंद करून बघा: टायसन एकेक मोठा ठोसा घेऊन सरळ आत येतोय आणि डोकं डग्लसच्या जॅबच्या रेषेतच राहतंय. दहाव्या फेरीत पडला. एकदा खाली पडल्यावर टायसनने ती लढत जिंकलीय असं एकदाही झालं नाही. होम्स, फ्रेझर, फोरमन, होलिफिल्ड सगळे पडून उठून जिंकलेत. कारकिर्दीच्या यादीत म्हणून नववा-दहावा. समोरासमोरच्या यादीत, १९८८ चा टायसन धरला तर पहिल्या पाचात.

दुसऱ्या यादीसाठी एक खबरदारी: नियम आधी ठरवून घ्या. क्रूझरवेट हा हेवीवेटच्या खालचा गट १९८० च्या सुमारास आला. त्याआधी १७५ पौंडांच्या वर सगळे हेवीवेटच. मार्सियानो १८५ च्या आसपास, म्हणजे आजच्या २०० पौंडांच्या सीमेखाली. फेऱ्या १५ की १२ हेही लिहा. ९ जून १९७८ ला होम्सने नॉर्टनला दोन गुणपत्रिकांवर १४३-१४२ ने हरवलं, तिसरी तशीच १४३-१४२ नॉर्टनकडे. पंधरावी फेरी होम्सने खेचून घेतली नसती तर त्याची गादी तिथेच अडली असती. आणि १९१९ मध्ये डेम्प्सी पडलेल्या विलर्डच्या डोक्यावरच उभा राहायचा, उठताक्षणी पुन्हा मारायचा. पहिल्याच फेरीत विलर्ड सातदा पडला. आजच्या तटस्थ कोपऱ्याच्या नियमात (पाडणाऱ्याने मोजणी होईपर्यंत दूरच्या कोपऱ्यात थांबायचं) ती फेरी तशी झालीच नसती.

डावखुरा

कागद केला. नवा क्रम: अली, लुई, होम्स, लेनॉक्स लुईस, फोरमन, फ्रेझर, होलिफिल्ड, मार्सियानो, जॉन्सन, टायसन. फोरमन वर सरकला तो मूररमुळे. उसिकचं मात्र अजून ठरत नाही.

उत्तर_कोपरा

फोरमनबद्दल बरोबर. ५ नोव्हेंबर १९९४, वय ४५, तिन्ही गुणपत्रिकांवर मागे, आणि दहाव्या फेरीत एक आखूड, सरळ उजवा ठोसा. मूरर डावखुरा होता आणि फोरमनच्या उजव्या हातासमोरच थांबला होता.

उसिकला टायसनच्या जागी घ्या. मोठे विजय मोजकेच, पण चारही रकाने भरलेले: जोशुआ दोनदा, फ्युरी दोनदा, जुलै २०२५ मध्ये दुबॉ पाचव्या फेरीत. सगळे त्याच्याहून उंच आणि जड. मे २०२४ च्या फ्युरीबरोबरच्या लढतीत दोन गुणपत्रिका एकेका गुणाच्या फरकाच्या होत्या, एक उसिककडे, एक फ्युरीकडे. म्हणून नवव्या फेरीत डाव्या हाताने फ्युरीला दोरांवर लोळवून रेफ्रीला मोजायला लावलं, ते मोलाचं. डिसेंबरमध्ये मात्र तिन्ही पंचांनी उसिकलाच विजयी ठरवलं. बचावांची संख्या कमी म्हणून त्याला मी होलिफिल्डच्या वर नेणार नाही.

जॉन्सनला नवव्याहून वर चढवू नका. बर्न्स आणि जेफ्रीजला हरवणं मोठंच, पण विजेता झाल्यावर त्याने सॅम लँगफर्डसारख्या तगड्या आव्हानवीराला संधी दिली नाही. तुमच्या कागदावर 'कोणाशी लढला नाही' असा पाचवा रकाना जोडा. डेम्प्सीच्या नावापुढे तिथे हॅरी विल्स येईल.