मदत हवी आहे: दोन साच्यांतली रोमन पद्धतीची कोंबडी सांध्यावर तडकते

नमस्कार मंडळी. मातीकाम येणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करा.

नोकरीमुळे सध्या फ्रान्समध्ये आहे. मध्यंतरी मूलँ गावातलं आन-द-बोझ्यू संग्रहालय पाहिलं. रोमन काळात आलिए नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या मातीच्या मूर्ती बनायच्या, त्या तिथे आहेत. देव्या, घोडे, कुत्री, कोंबड्या. इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकात हा माल थेट ब्रिटन आणि ऱ्हाईनकाठापर्यंत जायचा. मी अडकलो तो कोंबडीपाशी. वीतभरही नाही, आतून पोकळ, पाय नाहीतच, त्याजागी खाली रुंद होत गेलेली बैठक. पिसं म्हणजे नुसत्या बारीक रेघा. आणि तुऱ्यापासून शेपटीपर्यंत पुसट सांधा, कारागिराने बोटाने सारवल्यासारखा.

तो सांधा बघितला आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाव आठवलं. माझं आजोळ त्या बाजूचं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत, त्यासुद्धा दुहेरी साच्यातल्या. हे तंत्र रोमन व्यापाराबरोबर आलं असं बरेच अभ्यासक मानतात. इतक्या लांबची दोन गावं, आणि हाताची सवय एकच! तेव्हापासून ही कोंबडी स्वतः करून बघायचा ध्यास घेतलाय.

त्यांचे साचे भाजलेल्या मातीचे असत, मी प्लास्टरचे केलेत. दोन्ही साच्यांत माती थापतो, कडांवर ओरखडे काढतो, त्याच मातीचा दाट घोळ लावून दोन्ही अर्धे भाग दाबून जोडतो. साच्यातून निघते तेव्हा सुरेख असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मानेजवळ केसाएवढी चीर, संध्याकाळपर्यंत पाठ उघडलेली. चार झाल्या, चारही तशाच गेल्या. एकही भट्टीपर्यंत पोचली नाही.

मला वाटतं मान जाड राहते आणि पोट पातळ, म्हणून सुकताना ओढ सारखी बसत नाही. बरोबर आहे का? जोडताना माती किती ओली हवी? बोटाचा ठसा उमटेल इतकी, की त्याहून कडक? आतून सांध्यावर मातीची वळी फिरवायची म्हटलं तर बैठकीच्या तोंडातून बोट मानेपर्यंत पोचत नाही. ओल्या फडक्यात किती दिवस ठेवू?

घरात गणपतीच्या किंवा बैलांच्या साच्याचं काम असेल तर घरच्या मोठ्यांना विचारून सांगाल का? शनिवारी पाचवी थापणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.