शिकवण्याची सवय जडलेल्याने पुन्हा विद्यार्थी कसे व्हावे? (मोडी लिपीच्या वर्गातील अनुभव)

प्रश्न : सेवानिवृत्त_मास्तर

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालो असून सध्या मोडी लिपीच्या वर्गाला जातो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत आणि त्या उत्तम शिकवतात, त्यामुळे ही तक्रार त्यांच्याविषयी नाही. अडचण माझ्या बाजूची आहे. वर्गात बसलो की फळ्यावरच्या अक्षरापेक्षा ते अक्षर शिकवले कसे जात आहे याकडेच माझे लक्ष जाते. हे उदाहरण आधी घ्यायला हवे होते, इथे मुलांना एकदा विचारायला हवे होते, असा एक समांतर तास माझ्या मनात चालू राहतो. शेजारच्या बाकांवरील तरुण मुलांना काही अडले की ती माझ्याकडे वळतात आणि मीही उत्साहाने समजावून सांगतो. आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे का लिहीत, शब्द तोडून का लिहीत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद का पाळला जात नसे, हे सारे मला व्यवस्थित सांगता येते.

मात्र पेशवेकालीन पत्राची छायाप्रत हाती आली की तीच मुले माझ्यापेक्षा अचूक वाचतात. माझा वेग त्यांच्याहून अधिक असतो, पण बाई ताडून पाहतात तेव्हा गावांची नावे, माणसांची नावे आणि आकडे नेमके चुकलेले निघतात. ज्यांनी आयुष्यभर शिकवले आणि मग काही नवीन शिकायला घेतले, त्यांनी ही सवय बाजूला ठेवली की तिचाच उपयोग करून घेतला? मदत मागणाऱ्या सहाध्यायांना नकार द्यावा काय, हाही माझ्या मनातला प्रश्न आहे.

उत्तर : बोरू_आणि_दौत

सर, मी काही वर्षांपासून मोडीचे वर्ग घेतो आणि इतिहासाचे किंवा मराठीचे निवृत्त शिक्षक जवळजवळ प्रत्येक तुकडीत असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण वर्णन केलेल्या चुका नावांत आणि आकड्यांत होतात, यातच कारण दडलेले आहे. जुन्या पत्राचा मायना ठरलेला असतो. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' यांतली पहिली दोन-तीन अक्षरे दिसली की आपल्यासारख्या माणसाला पुढचे सारे पाठच असते आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे' येणार हेही ठाऊक असते. अशा ठिकाणी आपण वाचत नाही, म्हणून दाखवतो. नवख्या मुलाला तो मायना एकेक अक्षर लावत वाचावा लागतो आणि त्या कंटाळवाण्या खटपटीत त्याची नजर बसते. आपली ती खटपट टळते, त्यामुळे पुढे मजकुरात एखाद्या मौज्याचे, म्हणजे गावाचे, नाव आले, जे कोणत्याही पुस्तकात आपण वाचलेले नाही, की आपल्याजवळ अंदाजाखेरीज दुसरे साधन उरत नाही.

त्यात मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात. एक अक्षर चुकीचे लागले तर पुढचा शब्दही भलत्याच जागी तुटतो, आणि जाणकार माणूस त्या चुकीच्या तुकड्यालाही काही ना काही अर्थ देऊन पुढे सरकतो. मुलाला अर्थ लागत नाही म्हणून तो थांबतो. आपल्याला अर्थ लागतो म्हणून आपण थांबत नाही. वर्गात जे थांबतात त्यांचे वाचन सुधारते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

कालगणनेतही हेच होते. पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असा शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांवर अरबी संख्याशब्दांत लिहिलेले साल, असेल, तर एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ होतात. इतिहासाच्या शिक्षकाला हा पानिपतचा सन म्हणून आठवतो आणि तो बेरीज न करता १७६१ लिहून मोकळा होतो. शुहूर सन मृगाच्या सुमारास, म्हणजे मे-जूनमध्ये बदलतो. इसवी सन काढायला तेथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. १४ जानेवारी १७६१ ची लढाई या सनात येते हे खरेच, परंतु त्याच सनातील भाद्रपदातले पत्र १७६० चे असते. ज्याला पानिपतची तारीख पाठ नाही असा विद्यार्थी बिचारा बेरीज करतो आणि त्याचे उत्तर बरोबर येते.

उपाय म्हणून काही काळ पत्रे वाचूच नका. हिशेबाचे कागद, नावांच्या याद्या, धान्याच्या पावत्या घ्या. खंडी, मण, पायली यांचे आकडे आणि 'अमुक बिन तमुक' (तमुकचा मुलगा अमुक) अशी नावे यांत अंदाजाला जागाच नसते. लिप्यंतर करताना पहिल्या फेरीत शब्द तोडू नका. मोडीत जसे सलग आहे तसेच देवनागरीत सलग उतरवा आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. इतिहासाच्या साधनांच्या छापील खंडांतही न लागलेल्या जागी संपादक टिंबे देतातच, तेव्हा त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या फेरीत शब्द तोडा आणि अर्थाकडे तिसऱ्या फेरीत वळा. आपल्याला अर्थ आधी लागतो, म्हणून तोच शेवटी ठेवायचा.

आणि कित्ता गिरवा. निवृत्त शिक्षक वर्गात भरभरून टिपणे काढतात आणि कित्ता मात्र टाळतात, असे मला वारंवार दिसले आहे. अक्षराला काना लागला की त्याचे वळण कसे बदलते, हे समजावून सांगता येणे आणि ते वळण हातातून उतरणे या निराळ्या गोष्टी आहेत.

उत्तर : त्रिकोण_ते_तीनताल

मी गणित शिकवतो आणि चाळिशी उलटल्यावर तबला शिकू लागलो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा बोलांचा तुकडा, कोणत्या मात्रेवरून उचलली म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते, याचा हिशेब मला गुरुजींनी सांगण्याआधीच सुटत असे आणि त्याचे मला फार समाधान वाटे. पढंतही, म्हणजे बोल तोंडाने म्हणणेही, स्वच्छ होई. हात मात्र दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, अडखळत. गुरुजींनी एके दिवशी एवढेच सांगितले की पुढील काही महिने मी वर्गात 'का' असा प्रश्न विचारायचा नाही, घरी जाऊन वहीत लिहायचा. त्यांतले बहुतेक प्रश्न नंतर विचारावेसेच वाटले नाहीत, कारण ते प्रश्न नव्हतेच. मला हे कळते आहे, असे गुरुजींना कळावे म्हणून ते विचारलेले होते. आपल्या बाबतीतही असेच असेल असे मी म्हणत नाही. परंतु मोडीत शब्द का तोडत नसत, हे वर्गाला सांगताना आपल्याला जे बरे वाटते ते शिकण्याचे समाधान की शिकवण्याचे, हे एकदा तपासून पाहावे.

सहाध्यायांना मदत करू नये, असे मात्र मला वाटत नाही. निवृत्तीनंतर वर्गात चार तरुण मुले आपणहून जवळ येतात, हे सुख लहान नाही.

उत्तर : बीएड्ची_वही

वरची दोन्ही उत्तरे पटली, तरी बोरू_आणि_दौत यांच्या उत्तरातून असा समज होऊ शकतो की शिक्षकाचा अनुभव हा निव्वळ अडथळा आहे. ते मला मान्य नाही, म्हणून थोडे वेगळे मांडते.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी दिलेला उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून त्यातले आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. विशेष म्हणजे वारंवार वाचणाऱ्यांचा स्वतःच्या स्मरणावरचा विश्वास अधिक होता. म्हणजे 'मला समजले आहे' ही भावना शिकण्याचे माप म्हणून फारशी भरवशाची नसते. हे आपण शिक्षक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पक्के जाणतो. पाठ झाल्यावर 'समजले का?' असे विचारले की सारा वर्ग 'हो' म्हणतो आणि चाचणीत काय होते, हे सांगायला नको.

ही जाणीव आणि तपासण्याचे कसब नवख्या विद्यार्थ्याजवळ नसते, आपल्याजवळ असते. एखाद्या मुलाची वही पाहून त्याची चूक नेमकी कुठे आणि का होते, हे ओळखण्यात सरांचे आयुष्य गेले आहे. तेच डोळे स्वतःच्या वहीकडे वळवावेत, मात्र लगेच नव्हे. आज केलेले लिप्यंतर आठवड्याने काढावे, मूळ कागदाशी अक्षर-अक्षर ताडावे आणि प्रत्येक चुकीपुढे ती अक्षर न ओळखल्यामुळे झाली, अंदाजामुळे झाली की शब्द चुकीचा तुटल्यामुळे झाली, एवढे नोंदवावे. बाईंचा पाठ तपासणारा मनातला निरीक्षक काही केल्या गप्प बसणार नाही. त्याला हे काम दिले तर तो निदान उपयोगी पडेल.

मदत करावी की नाही, याविषयी माझा नियम सोपा आहे. कोणी विचारले की उत्तर सांगू नये, आपण दोघांनी मिळून कागद वाचावा आणि आधी त्याला वाचू द्यावे. एरवी आपण त्याची अडचण सोडवतो आणि त्याच्यासारखे अडण्याची आपली संधी गमावतो.

प्रश्नकर्ता : सेवानिवृत्त_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. मायन्याबद्दलचे निदान अचूक आहे. माझ्या चुका मायन्यात कधीच नसतात, हे मी आजवर लक्षात घेतले नव्हते. ताईंनी सुचवलेली चुकांची नोंद आजपासूनच सुरू करतो.

दोन गोष्टी विचारतो. हिशेबाचे आणि याद्यांचे कागद सरावासाठी निवडताना काय पाहावे? माझ्या स्वतःच्या गावाकडचे काही जुने कागद घरी आहेत, त्यांपासून सुरुवात केली तर चालेल काय? आणि या साऱ्याची कल्पना बाईंना द्यावी काय? वयाने आणि पेशाने मी मोठा असल्यामुळे त्या माझी चूक सर्वांसमोर दाखवताना संकोचतात, असे मला जाणवते.

उत्तर : बोरू_आणि_दौत

बाईंना अवश्य सांगा, आणि तेही वर्ग सुटल्यावर, थेट शब्दांत. 'माझे वाचन मधेच थांबवा, पुढे जाऊ देऊ नका' अशी विनंती ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून आल्याशिवाय आम्ही शिकवणारे तसे करत नाही. मीही संकोचतो. सर्वांसमोर वाचण्याची पाळी आली की आपली टिंबांसह उतरवलेली वही वाचा. त्यामुळे बाईंना न लागलेली अक्षरे दिसतील आणि त्या नेमकी तीच शिकवतील.

ताईंचा मुद्दाही मान्य. मी अडथळ्याबद्दलच लिहिले, कारण प्रश्न त्याचा होता.

घरचे कागद मात्र इतक्यात काढू नका. आपल्या पंचक्रोशीतली गावे, घराणी आणि आडनावे आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे तिथेही अंदाजच वाचेल. अनोळखी मुलखातले कागद घ्या. आपण देशावरचे असाल तर कोकणातले घ्या, कोकणातले असाल तर खानदेशातले. अक्षर सुबक, शाई ठळक आणि कागद उत्तर पेशवाईतला असला तर सुरुवातीला बरे. इंग्रजी अमदानीतले, टाकाने घाईघाईत लिहिलेले कागद पुढच्या टप्प्यासाठी ठेवा, कारण त्यांत वळण फार बिघडलेले असते. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातल्या एखाद्या मोडी कागदाची प्रत मिळाली तर ती जरूर पाहा. भाषा मराठी, लिपी मोडी, आणि गावांची व माणसांची नावे तमिळ असल्यामुळे तिथे आपली इतकी वर्षांची बहुश्रुतता फारशी मदतीला येणार नाही. सरावाला तसाच कागद हवा आहे.