टेराफॉर्म: जेकेएस कीस्टोअर वाचताना यूटीएफ-८ ची एरर, बेस६४एनकोड लावूनही तीच

प्रश्न
नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच जागी अडकलोय. कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी प्रणाली) जावाची सर्व्हिस आहे, तिचा जेकेएस कीस्टोअर (की आणि सर्टिफिकेट ठेवायची जावाची बायनरी फाइल) टेराफॉर्ममधून (कोड लिहून इन्फ्रास्ट्रक्चर उभारायचं टूल) सीक्रेटमध्ये (कुबरनेटीसमधला गुप्त माहितीचा कप्पा) टाकायचाय. सर्टिफिकेटची पेम फाइल टेराफॉर्मच्या फाइल() फंक्शनने बिनबोभाट वाचली जाते पण कीस्टोअर दिला की प्लॅनच (काय बदलणार ते आधी दाखवणारी पायरी) होत नाही, म्हणतो कंटेंट व्हॅलिड यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये लिहायची पद्धत) नाही. मग बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलायला बेस६४एनकोड(फाइल(...)) करून बघितलं तरी जशीच्या तशी तीच एरर. एनकोड करतोय ना मी, मग मध्येच यूटीएफ कुठून आलं? फाइल खराब नाहीये, लोकलला जावाच्या कीटूलने नीट उघडते.

उत्तर १
एनकोडपर्यंत गाडी पोचतच नाहीये हो. आतलं फाइल() आधी चालतं आणि ते तिथेच पडतं. टेराफॉर्मची स्ट्रिंग म्हणजे युनिकोड मजकूर, कच्चे बाइट ठेवायची सोयच नाही तिच्यात. एक्सएक्सडी (फाइलचे बाइट हेक्समध्ये दाखवणारं टूल) लावून बघा, जेकेएसचे पहिले चार बाइट एफई ईडी एफई ईडी असे दिसतील, आणि एफई हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कुठेच चालत नाही, म्हणजे पहिल्याच पावलाला ठेच. पेम चालते कारण ती मुळात बेस६४ मजकूरच आहे, वरखाली बिगीन-एंडच्या ओळी लावलेला. तुम्हाला फाइलबेस६४() हवंय, ते बाइट थेट वाचून बेस६४ हातात देतं, बाहेरून काही गुंडाळू नका.

प्रश्नकर्ता
अप्लाय झालं, खूप आभार! पण आता पॉड (कुबरनेटीसमध्ये सर्व्हिसचा कंटेनर चालतो ते एकक) उठत नाही, लॉगमध्ये इनव्हॅलिड कीस्टोअर फॉरमॅट. मूळ फाइल २२४४ बाइटची, पॉडमध्ये शिरून बघितलं तर २९९२.

उत्तर २
२२४४ चे चार तृतीयांश करा, बरोबर २९९२ येतात. बेस६४ दर ३ बाइटचे ४ अक्षरं करतं, म्हणजे पॉडमध्ये कीस्टोअर नाही, त्याचा बेस६४ मजकूर पडलाय. तुम्ही नक्की सीक्रेट रिसोर्सच्या डेटा या फील्डमध्ये दिलंय. तिथे प्रोव्हायडर (टेराफॉर्मचं कुबरनेटीससाठीचं प्लगइन) स्वतःच एनकोड करतो त्यामुळे डबल झालं, आणि पॉडमध्ये माउंट होताना डीकोड होतं एकदाच. त्याच रिसोर्समध्ये बायनरी_डेटा आहे, तो आधीच एनकोड केलेली व्हॅल्यू घेतो, फाइलबेस६४ तिकडे हलवा.

उत्तर ३
हे चालेल, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही व्हॅल्यू स्टेट फाइलमध्ये (टेराफॉर्मने काय काय उभारलं त्याची नोंद) जाऊन बसते आणि बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ज्याला स्टेट वाचता येतं त्याला तुमची प्रायव्हेट की असलेली फाइल मिळाली. कीस्टोअरवरचा पासवर्डही त्याच सीक्रेटमध्ये असेल तर तोही गेला. स्टेट फाइल ज्या क्लाउड बकेटमध्ये ठेवली असेल तिच्यावर कोणाकोणाला रीड ॲक्सेस आहे ते आजच बघा. आणि फाइल नुसती बदलली का एवढंच तपासायचं असेल तर फाइलचा हॅश (ठसा) काढणारं फाइलशा२५६() आहे, तेही बाइटच वाचतं.

प्रश्नकर्ता
बायनरी_डेटा ने झालं, पॉडमध्ये २२४४ दिसतायत, सर्व्हिस वर आली. बकेट बघितली, सगळ्या टीमला रीड होता. बंद करून घेतोय आणि कीसुद्धा नवीन काढतोय.