प्रतिसाद: ‘आढळलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे

दादा, विहिरीच्या पाण्यात शिसं ‘आढळलं नाही’ म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, पण रिपोर्टवर शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला पकडता येणारं कमीत कमी प्रमाण, किती लिहिली आहे ते आधी बघा. मी रत्नागिरीत पाणी तपासण्याच्याच कामात आहे. शिसं नसलेलं कोरं पाणी दहादा मोजलं तरी दर वेळी आकडा थोडा हलतोच. त्या हलण्याच्या साधारण तिप्पट संकेत यंत्राने दिला तर ‘आहे’ म्हणता येतं. ‘किती’ हे खात्रीने सांगायला दहापट लागतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. पद्धतच 0.05 च्या खालचं पकडत नसेल, तर तो रिपोर्ट काय कामाचा? ग्राफाइट फर्नेसवर, म्हणजे अगदी कमी शिसंही पकडणाऱ्या यंत्रावर, पुन्हा तपासून घ्या. आणि खाडीकाठची विहीर असेल तर प्रयोगशाळेला तसं आवर्जून सांगा, खारेपणा मोजणीत लुडबूड करतो.