फिनोटायपिंग : लक्षणनोंद, लक्षणमापन की आणखी काही?

म्हसरूळकर : सागाच्या संतती चाचणीवर, म्हणजे निवडक झाडांच्या बियांची रोपं वाढवून कोणतं मूळ झाड चांगलं ते तपासण्यावर, टिपण लिहायचंय, सुरगाण्यातल्या वनमजुरांनाही वाचता येईल असं. ड्रोनच्या फोटोंवरून मशीन लर्निंगने झाडांची लक्षणं काढतात, त्या फिनोटायपिंगला काय म्हणावं? ‘दृश्यरूप’ पटत नाही. लाकडाची घनताही लक्षणच आहे, ती दिसते कुठे?

त्र्यंबककर : फिनोटाइपला, म्हणजे झाडाच्या लक्षणांच्या संचाला, ‘सरूपविधा’ आहेच, पण कामाला ‘लक्षणमापन’ म्हणा. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, टेपने घेर घेतला तर ते मापन. खोडाच्या सरळपणाला १ ते ५ गुण दिले तर ती लक्षणनोंद.

पेठवाले : तिसरा शब्द हवाच. वरून घेतलेल्या फोटोत घेर दिसत नाही, दिसतो तो पर्णसंभार. त्याचं क्षेत्रफळ आणि उंची यांवरून मॉडेल घेराचा अंदाज बांधतं. ते मापन नव्हे, ‘लक्षणानुमान’. अंदाज आणि टेपचे आकडे एकाच रकान्यात मिसळू नका. मॉडेलचे अंदाज सरासरीकडे ओढले जातात, त्यामुळे सर्वांत जाड झाडं, जी आपल्याला निवडायची असतात, तीच दबतात. शिवाय सागाचे शेंडे एकमेकांत शिरले की दोन झाडांचं एक झाड धरलं जातं.

म्हसरूळकर : पटलं. मॉडेल ज्या झाडांवर शिकतं त्यांना ‘शिकवणी संच’ आणि ज्यांवर तपासतो त्यांना ‘पडताळणी संच’, चालतील ना? आणि चाचणीतल्या फॅमिलीला ‘कुळ’?

त्र्यंबककर : संच चालतील. ‘कुळ’ नको, वनस्पतींच्या वर्गीकरणात तो शब्द आधीच अडकलाय. ‘मातृवृक्ष-गट’ लिहा, म्हणजे एकाच मातृवृक्षाच्या बियांची रोपं.

पेठवाले : संचांची वाटणी मात्र या गटांनुसार करा, फोटोंनुसार कधीच नको. लगतचे फोटो ८० टक्के एकमेकांवर येतात, म्हणजे एकच झाड अनेक फोटोंत असतं. ते दोन्ही संचांत गेलं की मॉडेल पाठांतरावर पास होतं आणि नव्या गटावर आपटतं.

हंगामही लिहा. फेब्रुवारीत पानगळ झालेली असते, पर्णसंभार मोजायला उरतच नाही. पावसाळ्याच्या शेवटी पानं भरपूर, पण तेव्हाच जाळी करणारी अळी पडते. हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या ठेवते. तपकिरी पडलेलं झाड मॉडेल वाळलेलं समजतं. म्हणून शिकवणी संचात ‘अळीग्रस्त’ अशी वेगळी खूण हवी, नाहीतर अळीचा दोष मातृवृक्षाच्या माथी बसतो.

म्हसरूळकर : मग तीन रकाने करतो : मापन, नोंद, अनुमान. अळीची खूण नोंदीत.